जुन्या वस्तू पुन्हा वापरात आल्या, तर काम कुणाच्या हाती येणार?

पाना-पक्कड

घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली. दर नव्या बॅचमध्ये पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतंच, "सर, हल्ली दुरुस्त करून घेतं का कुणी? बिघडलं की लोक नवीनच आणतात." दोन-तीन वर्षांपासून त्याच वर्गात उलटा प्रश्नही येतो. चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू फेकण्याऐवजी टिकवायची, दुरुस्त करायची, पुन्हा वापरायची अशी व्यवस्था, येतेय म्हणतात; मग आपल्या धंद्याला बरे दिवस येणार ना? मुलं आयुष्याची चार-पाच वर्षं या उत्तरावर लावतात, त्यामुळे "बघू या" म्हणून वेळ मारून नेणं मला जमत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून करतो. वॉल्टर स्टाहेल या स्विस वास्तुविशारदाने आणि जनेव्हिएव रेडे यांनी १९७६ मध्ये युरोपीय आयोगासाठी एक अहवाल लिहिला होता. त्यातलं निरीक्षण मला आजही पाठ आहे. उद्योगात लागणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण तीन चतुर्थांश ऊर्जा खनिज काढून त्याचं पोलाद-सिमेंट करण्यात जाते, आणि त्या मालाच्या वस्तू घडवण्यात फक्त एक चतुर्थांश. माणसांच्या श्रमाचं नेमकं उलट: कच्च्या मालात कमी हात, घडवण्यात जास्त. मग घडवलेली वस्तू टिकवली, दुरुस्त केली, पुन्हा उभी केली तर? ऊर्जा वाचते आणि माणसांना काम मिळतं. सगळा विषय या एका वाक्यात आहे असं मला वाटतं.

पण कसलं काम? इथे माझा अनुभव सांगतो. वॉशिंग मशीन पिळताना घरघर करतं अशी तक्रार आली की नवखा मुलगा लगेच मोटर काढायला धावतो. मी त्याला थांबवतो. वीज बंद कर, पट्टा काढ आणि ड्रम हाताने फिरव. कान मागच्या बाजूला ठेव. मोटर सुटी असूनही खरखर येते ना? मग मोटरचा काय दोष? बेअरिंग गेलंय. मागे टबवर गंजाचा ओघळ दिसतो का बघ. दिसला तर आधी सील गेलंय, त्यातून पाणी बेअरिंगमध्ये उतरलंय. नुसतं बेअरिंग बदललंस तर मशीन काही महिन्यांत परत येईल. बेअरिंग ठोकून काढायला कुणीही आठवड्यात शिकतं. बिघाड कुठून सुरू झाला हे ओळखायला दोन वर्षं लागतात.

आता दुखणं. अलीकडे एक मशीन उघडलं तर टबचे दोन अर्धे स्क्रूने जोडलेले नव्हते, वितळवून एकजीव केले होते. बेअरिंग हातभर अंतरावर, पण पोचायला वाट नाही. पूर्ण टबच घ्या म्हणे. माझ्या विद्यार्थ्याला निदान बरोबर जमलं होतं. पुढे करायला काही उरलंच नाही.

या कामात असलेल्यांनी, या बदलात काम गेलेल्यांनीही, मोकळेपणाने लिहा.

आकडेमोड

छान मांडलंत. मी श्रम-अर्थशास्त्रात काम करते, म्हणून थोडी भर.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये हरित कौशल्यांवर, म्हणजे पर्यावरणाला धरून चालणाऱ्या कामांना लागणाऱ्या कौशल्यांवर, जागतिक अहवाल काढला. त्यात चक्रीय अर्थव्यवस्थेचं एक चित्र मांडलंय. प्लास्टिक, काच, कागद, धातू यांचं पुनर्चक्रण दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेलं आणि सेवा-दुरुस्तीचा वाटा वाढला तर २०३० पर्यंत काय होईल? उत्तर: निव्वळ ७० ते ८० लाख नोकऱ्यांची भर. बातम्यांत एवढंच येतं.

पण या आकड्याच्या पोटात काय आहे बघा. सुमारे ७.८ कोटी नोकऱ्या तयार होतात आणि सुमारे ७.१ कोटी जातात. निव्वळ आकडा दोघांची वजाबाकी आहे, आणि वजाबाकीत माणसं दिसत नाहीत. ज्यांची जाते त्यांतल्या साधारण ४.९ कोटींना त्यांच्याच देशात, दुसऱ्या उद्योगात, त्याच प्रकारचं काम मिळू शकतं. उरलेल्या सुमारे २.२ कोटी लोकांच्या कामाला समोर जोडच नाही. आणि दुसऱ्या बाजूला २.९ कोटी नव्या जागा अशा, ज्यांना जुन्या कामातून आलेला माणूस तसाच्या तसा चालत नाही.

तुमच्या वर्गाचा संबंध या दोन आकड्यांशी आहे. एकाला शिकवून दुसऱ्यापर्यंत नेता येईल का, हा खरा प्रश्न. तेही एकाच गावात, एकाच वर्षात. खाण एका टोकाला बंद होते आणि वर्गीकरणाचं केंद्र भलत्याच टोकाला उघडतं.

आणखी एक, जे त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय. आज कामांमध्ये स्त्री-पुरुषांची जी विभागणी आहे ती तशीच राहिली, तर या नव्या नोकऱ्यांतला थोडाच वाटा बायकांना मिळेल.

लाल लोखंड

मी त्या वजाबाकीतला माणूस आहे. झोतभट्टीवर, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवून काढणाऱ्या भट्टीवर, सव्वीस वर्षं काढली. भट्टी बंद झाली, आता कंपनीची विजेची भट्टी भंगारावर चालते. पर्यावरणासाठी चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण कोळसा भाजणारी कोक भट्टी, खनिजाची भुकटी भाजून ढेकळं करणारा सिंटर विभाग, झोतभट्टी हा सगळा पसारा गेला की त्यामागची माणसंही जातात. नव्या भट्टीला तेवढे हात लागत नाहीत.

जे कौशल्य उरलं त्याबद्दल लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. भंगारातून पोलाद करताना सगळ्यात मोठा शत्रू तांबं. एकदा पोलादात मिसळलं की भट्टीत ते बाहेर काढता येत नाही, आणि प्रमाण वाढलं की गरम लाटताना पत्र्याच्या अंगाला चिरा पडतात. म्हणजे पोलादाची प्रत भट्टीत नाही, भंगाराच्या आवारातच ठरते. गाडी चेपायच्या आधी तिच्यातली वायरिंग, स्टार्टर, छोट्या मोटरी कुणी काढल्या का? माझं आताचं काम तेच. येणाऱ्या ढिगासमोर उभं राहायचं आणि हा माल कुठल्या भट्टीत जाऊ द्यायचा, कुठला परत पाठवायचा, ते सांगायचं. नजर आहे म्हणून ठेवलंय. वयाने माझ्याहून लहान, पण फक्त फावडं मारलेल्या पोरांना नाही ठेवलं. त्यांना कुणी नजर शिकवलीच नव्हती. याची मला फार टोचणी लागते.

रात्रपाळी

वाचून बरं वाटलं, पण एक बाजू राहतेय.

मी प्लास्टिक वर्गीकरणाच्या पट्ट्यावर काम करतो. वर यंत्र आहे, इन्फ्रारेड किरणांनी प्लास्टिक ओळखतं, हवेच्या झोताने उडवतं. काळं प्लास्टिक मात्र त्याला दिसत नाही, कारण काळ्या रंगातला कार्बन किरण गिळून टाकतो. ते आमच्याकडे येतं. पारदर्शक बाटल्या बहुतेक पीईटी या प्लास्टिकच्या, पण त्यांत एखादी पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची असते. ती वाकवली की घडीवर पांढरी रेघ उमटते, पीईटीची तशी उमटत नाही. एक पीव्हीसी पुढे गेली तर वितळवताना आम्ल सुटतं आणि अख्खा घाणा पिवळा पडतो. हे मला कुठल्या पुस्तकाने नाही, शेजारी उभ्या असलेल्या मावशींनी शिकवलं. त्या माझ्याआधी बरीच वर्षं उकिरड्यावर वेचायचं काम करत होत्या. त्यांच्याकडे कागद नाही, म्हणून पगार हेल्परचा.

तर प्रश्न कौशल्याचा आहेच, पण ते कुणाच्या अंगात आहे आणि कुणाच्या नावावर लागतंय, हाही आहे. बॅटरीचं शिसं वितळवणाऱ्या जागी तर कामगाराच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी जाते आणि मुलांच्या अंगात भिनते. "हरित नोकरी" म्हणताना ही नोकरी पण त्यातच मोजली जाते.

आकडेमोड

@रात्रपाळी, तुम्ही म्हणता ते सोडवायचा निदान एक प्रयत्न झालेला माहीत आहे. कोलंबियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये बोगोताच्या कचरावेचकांना शहराच्या स्वच्छता सेवेत सामावून घेण्याचा आदेश दिला आणि २०१३ पासून तिथे त्यांना गोळा केलेल्या वजनावर शहराकडून मोबदला मिळू लागला. म्हणजे माल विकून जे मिळतं ते वेगळं, आणि शहराची सेवा केली म्हणून वेगळं. हा लढा त्यांच्या संघटनेने अनेक वर्षं लढला, आपोआप काही झालं नाही.

दीपमाळ

+१. मावशींच्या पगाराचं वाचून गप्प झाले.

कोअर परत

रिमॅन्युफॅक्चरिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी हायड्रॉलिक पंप पुन्हा उभे करणाऱ्या कारखान्यात आहे. दुरुस्ती आणि हे यात फरक आहे. दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलतात. आमच्याकडे वापरून आलेला पंप, आम्ही त्याला कोअर म्हणतो, पूर्ण सुटा होतो, धुतला जातो, प्रत्येक भाग मोजला जातो आणि नव्याच्या चाचणीवर उतरला तरच नव्यासारख्या हमीने बाहेर जातो. हे काही कालचं खूळ नाही. रेनो या गाड्यांच्या कंपनीच्या, पॅरिसजवळच्या शुआझी-ले-र्वाच्या कारखान्यात १९४९ पासून अनेक दशकं हेच काम चाललं, आणि अवजड यंत्रं बनवणारी कॅटरपिलर १९७३ पासून ते करतेय.

नवीन माल बनवणाऱ्या ओळीवर मी आधी आठ वर्षं होतो. तिथे समोर येणारा प्रत्येक नग सारखा. बोट चुकलं नाही की झालं. इथे दोन कोअर कधीच सारखे येत नाहीत. एकात पाणी गेलेलं, एक कोरडा चाललेला, एकाला आधी कुणीतरी चुकीचं सील घालून ठेवलेलं. शाफ्टवर नख फिरवायचं. नख अडकलं तर तो पॉलिशने सुटणार नाही, त्याला धातू चढवून घासावा लागणार. नाही अडकलं तर मायक्रोमीटर लावायचा. वाल्व्ह प्लेटवर खुणेचा निळा रंग लावून ती कुठे टेकते, कुठे नाही ते बघायचं. मग ठरवायचं की यावर किती तास घालवायचे. तो निर्णय कामगार घेतो, सुपरवायझर नाही. कारण भाग त्याच्या हातात असतो.

म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला पहिले सहा महिने फक्त सुटं करणं आणि धुणं. लोकांना ते हलकं काम वाटतं. खरं तर तिथेच सगळं शिकायला मिळतं: कुठला भाग कसा मरतो हे शंभर वेळा बघितल्याशिवाय जिवंत कुठला ठेवायचा ते कळत नाही.

तिसरा प्रहर

माझा सूर थोडा वेगळा लावतो, राग नसावा.

हे सगळं कौतुक खरं, पण दुरुस्ती महाग का पडते? कारण तिच्यात माणसाचा वेळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी कराचं ओझं माणसाच्या वेळेवर आहे, खणून काढलेल्या मालावर कमी. नवी वस्तू यंत्राने हजारोंनी बनते, बिघडलेली एकेक करून उघडावी लागते. जोवर हे गणित असं आहे तोवर तुमचा निष्णात विद्यार्थी किमतीत हरणार. स्वीडनने २०१७ मध्ये सायकल, चपला-बूट, कपडे यांच्या दुरुस्तीवरचा कर २५ वरून १२ टक्के केला, तो नेमका याच कारणासाठी. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा पाच प्रकारच्या वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे १० पैकी गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्यात हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एक वर्षाने वाढते. आधी असे नियम, मग मागणी, मग प्रशिक्षण. उलट क्रमाने गेलं तर शिकलेली मुलं घरी बसतील.

पाना-पक्कड

@तिसरा प्रहर, राग कसला. अर्धं पटलं. कराबद्दल पूर्ण सहमत. पण क्रमाबद्दल नाही. नियम झाला त्या दिवशी दुरुस्त करणारी माणसंच नसतील तर? आमच्याकडे शिकवणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे आहेत. ही विद्या तोंडी आहे, हातातून हातात जाते. दहा वर्षं खंड पडला तर ती कायद्याने परत येत नाही.

सुईदोरा

कपड्यांबद्दल कुणी बोललं नाही. मी वापरलेल्या कपड्यांचं वर्गीकरण करते.

चक्रीय अर्थव्यवस्थेवर काम करणाऱ्या एलेन मॅकआर्थर फाउंडेशनने २०१७ मध्ये मांडलं होतं की कपड्यांसाठी वापरलेल्या कापडापैकी १ टक्क्याहूनही कमी पुन्हा कपड्यांत येतं. याचं एक कारण माझ्या टेबलावर रोज दिसतं. पट्टीवर लिहिलेलं असतं "कापूस", नाहीतर पट्टीच कापलेली. मग शिवणीतला एक धागा काढून जाळायचा. कापूस कागदासारखा जळतो, राख मऊ, बोटात विरते. लोकरीला केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा येतात. आणि अंगाला चिकटून बसावं म्हणून घातलेलं दोन-तीन टक्के इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, असतं, त्याने पुढची सगळी प्रक्रिया अडते.

एका पाळीत हजारो कपडे हाताखालून जातात. प्रत्येकाला काही सेकंद. हा परत घालण्याजोगा, हा रफू करण्याजोगा, हा फक्त चिंध्यांचा. आमच्या हॉलमध्ये जवळजवळ सगळ्या बायका. कापूस-पॉलिएस्टर ओळखणारं यंत्र आलं तेव्हा ते चालवायचं प्रशिक्षण मात्र देखभाल विभागातल्या तीन पुरुषांना दिलं. आम्ही विचारलं तर म्हणे तुम्हाला तांत्रिक पार्श्वभूमी नाही. त्या यंत्राला कापडाचे नमुने ओळखायला कुणी शिकवलं? आम्हीच दोन महिने पिशव्या भरून, नावं लिहून दिले होते. आकडेमोड ताईंनी वर जे लिहिलंय ते असं घडतं. कुणी मुद्दाम ठरवून करतं असंही नाही, कुणाच्या लक्षातच येत नाही.

आम्ही नंतर लेखी अर्ज दिला. दोघींना घेतलं आहे.

दीपमाळ

दोघींना घेतलं हे वाचून फार आनंद झाला. अर्जात काय लिहिलं होतं ते सांगाल का? आमच्याकडेही असंच आहे.

सुईदोरा

साधंच. कुठल्या कापडाला यंत्र चुकतं त्याची यादी जोडली, तारखांसह. चूक आम्ही पकडतो तर दुरुस्तही आम्हीच करू शकतो, एवढं म्हटलं.

कोरी पाटी

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितोय. बारावी झाली आहे, इलेक्ट्रॉनिक्स आवडतं. नक्की काय शिकू? घरचे म्हणतात दुरुस्तीत भविष्य नाही. इथे वाचून वाटतं आहे. गोंधळ झालाय.

पाना-पक्कड

@कोरी पाटी, गोंधळ होणं बरोबरच आहे, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो.

एक वस्तू धरू नकोस, तंत्र धर. मोबाइल दुरुस्ती शिकलास तर मोबाइलची रचना बदलली की अडशील. पण मल्टिमीटर, सर्किट वाचणं, सोल्डरिंग आणि बिघाड टप्प्याटप्प्याने शोधणं हे पक्कं केलंस तर उद्या इन्व्हर्टर असो की विजेची गाडी, तू उभा राहशील. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे. माल कमी पडणार नाही.

मोठ्या बॅटऱ्यांकडे वळणार असशील तर मात्र घाई नको. विजेच्या गाडीच्या बॅटरी पॅकमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, काहींत ८००. पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचं, मग मोजायचं, शून्य दिसलं तरी मीटर चालू आहे ना याची दुसऱ्या ठिकाणी खात्री करायची, तेव्हा कुठे हात घालायचा. योग्य दर्जाचे हातमोजे घातल्याशिवाय आणि शेजारी दुसरा माणूस असल्याशिवाय कधीच नाही. हे नीट शिकवणाऱ्याकडेच शिक, व्हिडिओ बघून नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वही ठेव. आलेली तक्रार, तुला वाटलेलं कारण आणि निघालेलं खरं कारण. वर्षभराने ती वहीच तुझं प्रमाणपत्र होईल. @रात्रपाळी, तुमच्या मावशींच्या बाबतीतही असं काही करता येईल का, हा विचार डोक्यातून जात नाही.

स्क्रू की गोंद

मी वस्तूंची रचना करते. मूळ लेखातला तो वितळवून जोडलेला टब वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

असे निर्णय आमच्या टेबलावर होतात. स्क्रू काढले की जोडणीचे काही सेकंद वाचतात, गळतीची एक शक्यता कमी होते, आणि कागदावर ते चांगलंच दिसतं. वस्तू सात वर्षांनी जो उघडणार, तो माणूस त्या बैठकीत नसतो. मी स्वतः शिकत असताना एकाही परीक्षेत "ही वस्तू सुटी करून दाखवा" असं विचारलं नाही. जोडायची कशी तेवढंच शिकले. आता बदलतंय. फेब्रुवारी २०२७ पासून युरोपीय संघात छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय, त्यामुळे गोंदाऐवजी काय, याचा अभ्यास आमच्याकडे जोरात सुरू आहे. त्यासाठी आम्ही दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराला आठवड्यातून एक दिवस बोलावतो. पहिल्याच दिवशी त्याने आमचा नमुना हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "याला पहिला पाना कुठे लावायचा?" आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

कोअर परत

@स्क्रू की गोंद, त्याला त्या दिवसाचा मोबदला सल्लागाराचा देता की मेकॅनिकचा?

स्क्रू की गोंद

सुरुवातीला मेकॅनिकचा होता. आता सल्लागाराचा आहे, मी भांडून घेतला.

लाल लोखंड

पाना-पक्कड सर, एक विचारायचं होतं. आमच्या आवारातली सहा पोरं घरी बसली आहेत, वर लिहिलं ती. फार शिकलेली नाहीत, एक-दोघांना वाचताना अडतं. तुमच्या वर्गाला दहावीची अट आहे का?

पाना-पक्कड

आहे, पण ती संध्याकाळच्या वर्गाला नाही. लिहिण्याचं मी बघतो, वही चित्रांची पण चालते. नवी तुकडी सुरू होतेय. फक्त एक विनंती, त्यांच्याबरोबर तुम्हीही या, दोन-तीन दिवस तरी. भंगाराच्या ढिगासमोर उभं राहून तुम्ही काय बघता ते माझ्या मुलांना दाखवायचंय. आवारातून तांब्याची वायरिंग न काढलेला एखादा भाग आणता आला तर बघा.

लाल लोखंड

स्टार्टर मोटर आणतो. येतो.